उपाशी वाकळ

हसायचं त्यानं आत्ताच हसून घ्यावं, म्हंजे पुढं मला मोकळं सांगता येईल. मी वाकळ शिवतो. पोरगं असून. डोंगरकड्यात समद्यांचं हसून झालंय. दाढी करायला बसलो की न्हावी इचारतो, "काय वैजनाथ, फॉल-पिको बी करून देतो का?" वस्तरा गळ्यावर असताना अपमान वाटून घ्यायची बी सोय नसती.

मला कोणी शिकवलं न्हाई. फोनवर एक बाई शिवायची, कोणत्या देशातली ते कळलं न्हाई, भाषा बी कळली न्हाई, पण हात कळले. आपल्याकडं वाकळ अख्खी शिवत्यात. जुनी लुगडी एकावर एक अंथरायची, कडा धरत जायचं, चौथा कोपरा सगळ्यात शेवटी मिटवायचा. ती बाई तसं करत नव्हती. ती एकेक चौकोन वेगळा शिवायची, आत कापूस भरून चारी बाजूंनी बंद, आन् मंग चौकोनाला चौकोन जोडायची. ब्लॉक म्हणायची त्याला. मांडीवर मावतं, चालत्या गाडीत शिवता येतं. मला वाटलं, आपल्या बायांना एवढं साधं काहून सुचलं नसंल?

सुचलं नव्हतं असं न्हाई. त्यांनी मुद्दाम केलं नव्हतं. पण ते मला मागून कळलं.

माझी बहीण शिवकन्या आखाडा बाळापूरला दिलेली. तिला पोरगी झाली. आमच्यात लेकराला पाळण्यात घालायची पहिली वाकळ त्याच्या आजोळच्या आजीनं आणायची असती, सवताच्या नेसत्या साडीची. आता आमची आई तर गेलेली. बारसं रविवारी, आन् शनिवारी सकाळी सकाळी शिवकन्याचा फोन.

"वैजू, लेकरू झोपतच न्हाई रे. टक्क डोळे उघडे. सासू म्हणती, आजीची वाकळ न्हाई म्हणून झोपंना. तू आण शिवून. आईच्याच साडीची. दुसरी चालायची न्हाई."

आन् रडायला लागली. शिवकन्या रडणारी न्हाई. लहानपणी तिला इंचू चावला तवा तिनं आधी इंचू मारला, मंग आईला हाक मारली. म्हणून मी घाबरून म्हणलो, "आणतो. उद्या बारशाला वाकळ घेऊनच येतो."

घरात आईची एक बी साडी नव्हती. तेराव्याला बाबानी समद्या वाटून टाकल्या होत्या. एक तुकडा तेवढा राहिला होता, जांभळ्या काठाचा, पण तो बाबाच्या गाडीत होता. बाबा, म्हंजे ग्यानबा, काळी-पिवळी जीप चालवत्यात. डोंगरकडा ते बाळापूर, जलमभर. त्या तुकड्यानं ते काच पुसत्यात.

"तो तुकडा द्या," मी म्हणलो.

"मंग काच कशानं पुसू?"

"दुसरं फडकं घ्या ना."

"दुसऱ्यानं डाग राहत्यात," बाबा म्हणले, आन् फडकं खिशात घातलं.

ठरलं असं, की औंढ्याला मावशीकडं जायचं, आईची हिरवी साडी आणायची आन् सांजच्याला घरी. बाबानी त्या दिवशी शिटा भरल्या न्हाईत. तरी शेजारचे तातेराव काका पुढच्या शिटावर येऊन बसलेच. त्यांना काम काही नव्हतं. ते म्हणले, "वाकळीतलं तुला कळतं का? सोबत कोणीतरी जाणता पायजे." तातेराव काकांनी आयुष्यात बटण लावलेलं न्हाई. त्यांच्या सदऱ्याला टाचण्या असत्यात.

औंढ्याला पार्वतीबाई मावशीनं साडी काढून दिली. मी वसरीवर बसून पयला ब्लॉक शिवाया घेतला. मावशी बघत उभी राहिली.

"दाजी, पोराचं लगीन बघा आता," ती बाबाला म्हणाली. "सुई हातात धरून बसलंय."

"बघायला आलेल्यांना हेच दाखवतो," बाबा म्हणले.

"टाका लांब पडून राहिला," तातेराव काका म्हणले.

मी मान वर केली न्हाई. चारी बाजू गच्च शिवल्या, दोरा तोडला, ब्लॉक झाला. मऊ, हिरवा, मांडीवर मांजर बसावं तसा. च्या झाला. निघायचं म्हणलं, तर गाडीची चावी न्हाई.

बाबाची चावी खिळ्याला असती न्हाई तर बाबाच्या बोटात. तिसरी जागा तिला ठावं न्हाई. घर पालथं केलं. मावशीनं पिठाचा डबा बी उपसला. तातेराव काका अंगणात उभं राहून "शांत डोक्यानं इचार करा" म्हणून ओरडत होते. शेवटी बाबा वैतागून म्हणले, "चावी सापडली तर नागनाथाला जाऊन येऊ, बास का!"

तसं माझ्या मांडीवर काहीतरी टोचलं.

ब्लॉकमधून. आतून. मी दाबून बघितलं तर आत चावी. चारी बाजूंनी शिवलेलं, एक टाका उसवलेला न्हाई, आन् आत चावी.

"शिवता शिवता आत टाकलीस बघ," मावशी म्हणाली.

"मी न्हाई टाकली."

"मंग काय चावी चालत गेली?" बाबा म्हणले. "एक सुई सांभाळताना पोराला भान राहत न्हाई. मी गाडी चालवताना असं केलं असतं तर?"

पटण्यासारखंच होतं. मलाबी पटलं. एक बाजू उसवून चावी काढली, परत शिवलं. फक्त एकच खटकलं. चावी गरम होती. नुसती उन्हातली गरम न्हाई. कोणीतरी लई वेळ मुठीत धरून ठेवल्यासारखी.

देवळात जाऊन आलो. बाहेर एका दुकानाच्या सावलीला बाबा टेकले. पेरू खाताना त्यांना कवळी टोचती, म्हणून काढून रुमालात ठेवली. मी ब्लॉक उशाला घेऊन जरा डोळे मिटले. भर दुपार, रस्ता सुना, कुत्रं बी हालंना. झोपेत वाटलं, कोणतरी कानाशी सुई ओढून राहिलंय. सुई कापडातून निघताना बारीक आवाज येतो, शिवणाऱ्यालाच कळतो तो. उघडले डोळे. कोणी नव्हतं. तातेराव काका घोरत होते.

बाबा म्हणले, "ताल, निघू घली." म्हंजे, चल, निघू घरी. दात न्हाईत ना. रुमाल होता, कवळी नव्हती.

मला आता सांगायला बी कसं तरी होतं. मी आपसूक ब्लॉक दाबला. आत टणक काहीतरी. एका रांगेत.

"वाकळीला दात आले," तातेराव काका म्हणले, आन् सवताच्या इनोदाला हसणार होते, पण हसले न्हाईत.

कवळी काढाया म्हणून मी मघा शिवलेली बाजू उसवाया घेतली. टाके माझे नव्हते. माझा टाका लांब पडतो, हे तर जगजाहीर हाय. हे टाके तिळासारखे बारीक होते. आन् उलटे. मी उजवीकडून डावीकडं जातो. हे डावीकडून उजवीकडं गेलेले, डावखुऱ्या माणसानं घातल्यासारखे.

आई डावखुरी होती.

मी बाबाकडं बघितलं. बाबानी टाके बघितले, कवळी घेतली, नळावर धुतली, आन् लई वेळ धूतच राहिले.

"तातेराव," ते दात बसवून म्हणले, "तांड्यावर जिवनबाईकडं बी एक साडी गेली होती न्हवं?"

"व्हय. पण घरी जायचं होतं ना?"

"जाऊ नंतर," बाबा म्हणले.

जिवनबाई आईची कापूस वेचायची सोबतीण. बाबाचं आन् तांड्याचं नातं लई जुनं, समदा तांडा त्यांच्याच गाडीनं बाजारला जातो. जिवनबाईनं साडी पेटीतून काढली. घडीवर घडी, घडी मोडलेलीच न्हाई.

"नेसली न्हाईस का?" मी इचारलं.

"एकदा नेसले होते, बेटा. शेतात चालले तर पदर मागं ओढला जाऊन राहिला. काट्यात अडकला म्हणून बघितलं तर काटा न्हाई. रस्त्याकडं ओढत होती." तिनं हे असं सांगितलं, जसं कोणी साडीचा रंग गेला म्हणून सांगतं. "मंग ठेवून दिली."

तातेराव काका जरा मागं सरकले.

मी दुसरा ब्लॉक शिवला. जिवनबाईनं तो हातात घेतला, चारी कोपरे चाचपले, आन् माझ्याकडं बघितलं.

"घास कुठं ठेवलास?"

"कसला घास?"

"अरे वा! वाकळ शिवतो आन् घास न्हाई? चौथा कोपरा मिटवायच्या आधी आत घास ठेवत्यात. भाकरीचा तुकडा, चार दाणे, काहीबी. वाकळ उपाशी मिटवायची नसती, बेटा. उपाशी राहिली की हाताला लागंल ते खाती. तू तर एकेक तुकडा वेगळा मिटवून राहिलास. जेवढे तुकडे तेवढी तोंडं!"

घ्या. फोनवरच्या बाईनं हे सांगितलं नव्हतं. सांगितलं असंल तर तिच्या भाषेत सांगितलं असंल.

"तरी मी म्हणतच होतो," तातेराव काका म्हणले.

जिवनबाईनं भाकरी आणली. दोन्ही ब्लॉकचा एकेक कोपरा उसवला, तुकडा आत ठेवला, मी घाईघाईनं शिवून टाकलं. हात जोडले. निघायला उठलो, तर भाकरीचे दोन्ही तुकडे चटईवर. ब्लॉक मिटलेले. तुकडे बाहेर.

 कोंबडी आली, तिनं तुकड्याकडं मान वाकडी करून बघितलं, आन् ती बी निघून गेली.

"भाकरीची भूक न्हाई हिला," जिवनबाई म्हणाली.

"दहाव्याला बी असंच झालं होतं," तातेराव काका हळूच म्हणले. "कावळा शिवतच नव्हता. ऊन चढलं. ग्यानबा समदं बोलून राहिला, पोराला शिकवतो, पोरीला बघतो. कावळा झाडावरून हालंना. शेवटी दर्भाचा कावळा केला आन् उरकलं."

"तातेराव, तू गाडीत बस," बाबा म्हणले.

जिवनबाई बाबाकडं बघत होती. "ग्यानबा भाऊ, रागावू नको. आमी कापूस वेचायचो ना, तवा तुझी गाडी रस्त्यानं जायची. ती कापसाची वटी धरून उभी राहायची. तू हॉर्न मारायचास. मी म्हणायची, जा ग, घरी बोलवतोय. ती म्हणायची, न्हाई, हॉर्न मारतोय. थांबत न्हाई."

बाबा म्हणले, "शिटा भरलेल्या असायच्या."

"तेच म्हणायची ती. पुढची शीट तर कधीच मोकळी नसती म्हणायची."

"पुढल्या साली नेतो म्हणलो होतो मी तिला. ईसापूरचं धरण बघायचं होतं तिला." बाबानी खिशातलं फडकं काढलं, गाडीची काच पुसायला लागले. काच सोच्छ होती. "दरसाली म्हणायचो," ते काचेला म्हणले.

आता इथं कोणालाबी वाटंल की बाबा लगेच सुधरले. न्हाई. माणूस घाबरला की आधी घरी पळतो. बाबानी दोन्ही ब्लॉक एका चादरीत बांधले, गाठोडं टपावर टाकलं, दोरीनं आवळलं, आन् म्हणले, "सरळ घरी. मधी कुठं थांबायचं न्हाई." तातेराव काका पुढं बसले, मी मागं. वर टपावर कोणी चालावं तसा आवाज येत होता. धप. धप. दोरी ढिली झाली असंल, मी मनाला म्हणलो. दोरी बाबानी माझ्यासमोरच आवळली होती, गच्च.

फाट्यावर हवालदारानं हात केला.

"कागद?"

बाबानी कागद दिले.

"वर काय हाय?"

बाबा स्टेरिंगकडं बघाया लागले. तातेराव काकांनी माझ्याकडं बोट केलं. हवालदारानं माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "आई हाय, साहेब."

मला खरंच तसं म्हणायचं नव्हतं. मला म्हणायचं होतं आईची साडी हाय. पण एकदा तोंडातून गेलं ते गेलं. हवालदाराचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता आमचा फोटो पेपरात.

"उतरा खाली," ते बारीक आवाजात म्हणले. "समदे."

गाठोडं उतरवलं. ते उतरवायला दोघं लागले. दोन ब्लॉकचं गाठोडं, आन् ते उतरवायला बाबा आन् मी, तरी वाकलो. हवालदारानं गाठ सोडली, हिरवा ब्लॉक बघितला, दुसरा बघितला. मी भडाभडा समदं सांगून टाकलं. बारसं, ब्लॉक, चावी, कवळी, भाकरी. तातेराव काका मधीमधी "बराबर" म्हणत होते.

मला वाटलं, आता एकतर हसंल न्हाई तर तोंडाचा वास घेईल. हवालदारानं ब्लॉकवर हात ठेवला, तसाच ठेवून राहिले, आन् मंग एकदम हात काढून पँटीला पुसला.

"आईच्या साडीची हाय म्हणता," ते चिडून म्हणले, "आन् टपावर बांधून नेता? लाज न्हाई वाटत? पुढं बसवा की!"

"पुढं मी हाय," तातेराव काका म्हणले.

"तुमी कोण?"

तातेराव काकांनी सदऱ्याची टाचणी नीट केली. ते मागं आले. माझ्या शेजारी बसून "माणसाची किंमतच राहिली न्हाई" म्हणून राहिले.

गाठोडं पुढच्या शिटावर, खिडकीशी. बाबानी सवता ठेवलं. दार लावलं. त्या दाराची काच किती सालापास्नं अडकलेली होती, हँडल तुटलेलं, पान्ह्यानं बी हालत नव्हती. गाडी सुरू झाली आन् काच सरकत सरकत खाली गेली. पूर्ण. वारा आत आला. चादरीची सुटलेली कड खिडकीबाहेर फडफडायला लागली, पदरासारखी.

बाबानी डोंगरकड्याचं वळण सोडलं.

"ग्यानबा, घर मागं राहिलं," तातेराव काका म्हणले.

बाबानी ऐकलं न्हाई. ते शिटाशी बोलत होते. हळू. "हे बघ, हा कारखाना. ही उसाची गाडी, हिच्या मागं लई थांबावं लागतं. ह्या टपरीवर मी भजी खातो, तेल खराब असतं." मी आन् तातेराव काका मागं एकमेकाला चिकटून बसलो. मला हसू बी येत होतं आन् हसायची छाती बी होत न्हवती. बाबा एवढं आईशी कधी बोललेले मी ऐकले न्हवते. घरी ते "वाढ" म्हणायचे आन् "झालं" म्हणायचे.

ईसापूरच्या भिंतीवर गाडी उभी केली. पाणी लांबपर्यंत. वारा न्हवता. तरी पुढची शीट करकरली, कोणी पुढं वाकून बघावं तशी. बाबानी इंजिन बंद केलं न्हाई. दिवस कलेपर्यंत आमी तिथंच. तातेराव काकांना लघवीला जायचं होतं, पण ते उतरले न्हाईत. मंग बाबा म्हणले, "चल. नात बघायची न्हवं?" तवा गाडी हलली.

बाळापूरला शिवकन्यानं आम्हाला दारातच धरलं. डोळे सुजलेले. मांडीवर ते लेकरू, एवढंसं, आन् डोळे टक्क उघडे. मी आजवर एवढं जागं माणूस बघितलं न्हाई.

"आणली?"

"अर्धी," मी म्हणलो. "दोन ब्लॉक कमी हायत."

ती उठली. आईनं तिला लग्नात दिलेली सवताची नेसती साडी आणून माझ्या पुढ्यात फाडली, कोपरा न मोजता. तिसरा झाला. चौथ्याला कापड न्हाई. शिवकन्याची सासू दारातून बघत होती. म्हणाली, "आमच्याकडं हायत की चांगल्या वाकळी. सकाळी पावणे यायचे, तवर हे व्हायचं न्हाई."

तवा बाबानी खिशातलं फडकं काढलं. जांभळ्या काठाचं, काळं पडलेलं, डिझेलचा वास. सवता हौदावर जाऊन साबणानं धुतलं. जरा वास राहिला. वाळवलं. माझ्या हातात दिलं.

"काच कशानं पुसणार?" मी इचारलं.

"डाग राहिले तर राहू दे."

सकाळी पावण्यांच्या समोर मी चारी जोडले. बाया कौतुकानं बघत होत्या का करमणुकीनं, ते मी बघितलं न्हाई. शेवटला कोपरा राहिला. फडक्याचा. हात थांबला माझा. शिवकन्यानं साखर आणली, सासूनं भात आणला. मी म्हणलो, ती भाकरी घेत न्हाई, साखर घेईल का? पाळण्यात लेकरू आता रडत बी न्हवतं, नुसतं आढ्याकडं बघत होतं, आन् आढ्याला काही न्हवतं.

बाबा पुढं आले. बोटातली चावी काढली. गाडीची. दुसरी चावी घरी हाय, ही नेहमीची, घासून गुळगुळीत झालेली. ती त्यांनी कोपऱ्यात सरकवली. वाकून कोपऱ्याशी काहीतरी बोलले. मला सगळं ऐकू आलं न्हाई. "पुढल्या साली न्हाई" एवढं ऐकू आलं.

मी शिवलं. आमी समदे चटईकडं बघून राहिलो. चावी बाहेर आली न्हाई.

लेकराला वाकळीवर ठेवलं, आन् त्यानं एक जांभई दिली, एवढी मोठी की सासू बी मागं सरली. आन् झोपलं. नाव ठेवायला कान धरला तरी उठलं न्हाई. मी कोपऱ्यात जाऊन नाक पुसलं. तातेराव काका म्हणले, "टाका लांब पडला, पण धरंल."

आता घरी जायचं, तर चावी वाकळीत. दुसरी डोंगरकड्याला. मी एसटीनं जाऊन आणली. हे कोणाच्या ध्यानातच आलं न्हवतं.

वाकळ बाळापूरला राहिली. लेकरू तिच्यावर झोपतं, फोन करून शिवकन्या सांगती. तातेराव काका त्या दिवसापास्नं मागच्याच शिटावर बसत्यात, कोणी सांगावं लागत न्हाई. बाबा पुढं कोणाला बसवत न्हाईत. मास्तर आले तरी न्हाई, सरपंच आले तरी न्हाई. लोक म्हणत्यात ग्यानबा चढला.

परवा मी मागं बसून चाललो होतो, एक तुकडा शिवत. गाडी गच्च. तांड्याच्या शेताशी बाबानी हॉर्न मारला न्हाई. गाडी थांबवली. वाकून पुढचं दार उघडलं. जरा वेळ गेला. गाडी त्या बाजूला किंचित कलली. मंग दार लागलं, बाबाचा हात तर स्टेरिंगवर होता.

मागून एक जण ओरडला, "अहो, कोणी चढलं न्हाई, कोणी उतरलं न्हाई, काहून थांबलात?"

बाबा म्हणले, "तुमी सरकून बसा."